पाणी न पिणारे फणसे

डॉ. अनंत फणसे कुणाच्याही घरी पाणी पीत नसत.

म्हणजे घेत असत. तुम्ही तांब्या पुढे केलात की दोन्ही हातांनी घेत, उजेडाकडे धरून वाकून बघत, "कुठल्या विहिरीचं?" असं अगदी आपुलकीनं विचारत आणि मग खांद्यावरच्या खाकी पिशवीतून एक बाटली काढत. बाटलीच्या तोंडावर ब्राउन पेपरची टोपी, टोपीला दोरा. मग स्पिरिटचा छोटा दिवा निघे. यजमानाच्या ओटीवर, भर दुपारी, काडी ओढून ते बाटलीचं तोंड शेकून घेत, तुमच्या तांब्यातलं पाणी तिच्यात ओतत, बूच लावत, वर चिठ्ठी चिकटवत आणि म्हणत, "अठ्ठेचाळीस तास थांबा." थांबायचं ते कशासाठी, हे विचारेपर्यंत स्वारी कोपऱ्यावर पोचलेली असे. बाटली ठेवलेल्या थर्मासमधला बर्फ वितळायच्या आत त्यांना घर गाठायचं असे.

आमच्या कर्जत-खालापूरकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी. नाव, गाव, काम मागाहून. भांडायला आलेल्यालासुद्धा पाणी देऊन मग भांडायचं. अशा मुलखात हा गृहस्थ सत्तरच्या दशकात चार वर्षं दारोदार फिरला आणि परक्या घरी न तपासता घोटभर प्यायला नाही. त्यांना कुणी मारलं कसं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. कशेळ्याच्या बाजारात एका चहावाल्यानं एकदा गळ घातली, "सायेब, पानी नका पिऊ, पन चाय तरी घ्या. उकळलेली हाय." साहेबांनी किटलीकडे पाहून मान डोलावली आणि विचारलं, "चहा उकळलाय. पण कप कशात धुतला?" त्या चहावाल्यानं त्यांना पुन्हा कधी बाकावर बसू दिलं नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती कर्जतच्या बाजारपेठेत, टायपिंगच्या क्लासात. मी तिथं शिकून तिथंच शिकवायला राहिले होते. पगार बेताचा, पण मालक जेवायला गेले की क्लास माझा. अशाच एका जेवणाच्या वेळी एक उंच, किडकिडीत माणूस आत आला, समोर कागदांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, "मिस जाधव आपणच का?" मी मागे वळून पाहिलं. मला मिस म्हणणारं माणूस तोवर जन्माला आलं नव्हतं.

अक्षर असं की शाईत पडलेली मुंगी बाहेर काढून कागदावर सोडावी. मला ते वाचता येऊ लागलं ही माझी विद्वत्ता नव्हे. कर्जतात दुसरं कुणी वाचायला तयार नव्हतं म्हणून ते काम माझ्याकडे राहिलं. फणसे मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होते. आठवड्यातले तीन दिवस तिकडे आणि बाकीचे आमच्या विहिरींवर. विषय मॉलिक्युलर बायॉलॉजी. त्याचा अर्थ मी पहिल्याच दिवशी विचारला होता. पाण्यात जंतू असतात, त्या जंतूंना खाणारे त्यांच्याहून बारीक जीव असतात, आणि असा प्रत्येक जीव लाखांतून नेमका आपला जंतू शोधून त्याच्याच घरात शिरतो. कसा? तर दारावरची खूण ओळखून. त्या खुणेचा शोध म्हणजे साहेबांचं संशोधन. "म्हणजे आमच्या गावासारखंच की," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीत काहीतरी टिपलं, पण हसले नाहीत. मी काय म्हणाले ते त्यांना कळलंच नव्हतं, हे मला फार पुढे समजलं.

जंतूंच्या नावाखाली रेघ हवी, असा त्यांचा हट्ट. एका लेखात मी रेघा विसरले, तर साहेब दुखावल्या स्वरात म्हणाले, "जंतू आहे म्हणून काय झालं, मिस जाधव? नावाचा मान ठेवायला हवा." पहिलं नाव मोठ्या अक्षरानं, दुसरं लहान, हाही नियम. मी विचारलं, "दुसरं म्हणजे आडनाव का?" "तसंच समजा." "मग आडनावाला मान कमी का?" "शास्त्रात तसंच आहे," ते म्हणाले. शास्त्राबद्दल माझं मत त्या दिवशी एकदम चांगलं झालं. आमच्याकडे आडनाव ऐकूनच लोक खुर्ची द्यायची की नाही ते ठरवत.

राहायला ते भिसेगावात, गोदूताई नावाच्या विधवा बाईंच्या दोन खोल्यांत. त्यांतली एक खोली माणसाची आणि एक जंतूंची. जंतूंच्या खोलीत चहाचं रिकामं खोकं, आत पेटलेला बल्ब, आणि बल्बच्या उबेत ओळीनं काचेच्या नळ्या. नळ्यांत जांभळा रस, रसात विहिरींचं पाणी. दोन दिवसांत रस पिवळा झाला आणि आतल्या चिमुकल्या नळीत बुडबुडा धरला, की ती विहीर नापास. जांभळा राहिला तर पास. गोदूताई गल्लीत सांगत, "भाडेकरू अंडी उबवतो, पण पिल्लं काही विकत नाही."

खरी मजा वीज गेली की. आणि ती जायचीच. जंतूंना माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते. तेव्हा वीज गेली की साहेब सगळ्या नळ्या रुमालात बांधून बनियनच्या आत छातीशी धरत, वरून सदरा, वरून स्वेटर, आणि तसेच ताठ बसून राहत. वैशाखातसुद्धा. गोदूताईंनी एकदा घाबरून डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली तर काच काचेवर वाजली.

तर असे हे फणसे, आणि त्यांचं कौतुक मी घरी आईला रोज ऐकवत असे. आमचं गाव खालापूर तालुक्यातलं. नाव सांगत नाही. तिथं आता नातसुना आल्या आहेत, उगाच कशाला. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आमची वस्ती. मी रोज एसटीनं कर्जतला जात-येत असे. "आये, हे साहेब वेगळे आहेत," मी म्हणायची. "खुर्ची देतात, मिस म्हणतात, माझ्या चुका मला विचारून दुरुस्त करतात." आई म्हणायची, "येकदा बगाया पायजे."

एका फाल्गुनातल्या रविवारी साहेब आपण होऊन वस्तीत आले. आईनं तांब्या चिंचेनं असा घासला होता की त्यात तोंड दिसावं. ताटलीत गूळ. साहेबांना कपाळावर घाम. आई स्वतः पुढे झाली, एरवी पाहुण्यासमोर पाणी मी नेत असे. साहेबांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, वाकून पाहिलं, विचारलं, "कुठल्या विहिरीचं?"

"आमच्या," आई म्हणाली.

या एका शब्दात काय काय होतं ते साहेबांना कळणं शक्य नव्हतं. आई लहान असताना गावच्या विहिरीच्या कठड्याला आमच्या माणसांचा हात लागत नसे. खाली घडा ठेवून उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून, लांबून ओतणार. अर्धं घड्यात, अर्धं मातीत. छप्पन साली दीक्षा घेतली, आणि त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वस्तीनं स्वतःची विहीर खणली. कातळ फोडणाऱ्यांत माझे वडील होते, पाट्या वाहणाऱ्यांत आई. वडील लवकर गेले. विहीर राहिली.

साहेबांनी पिशवी उघडली. दिवा पेटला. पाणी बाटलीत गेलं, बूच लागलं, चिठ्ठी लागली. "अठ्ठेचाळीस तास थांबा," असं म्हणून ते विहिरीवरचं वेगळं पाणी घ्यायला गेले आणि तिथूनच एसटीला पळाले. गूळ ताटलीत तसाच.

आई रिकामा तांब्या हातात धरून उंबऱ्यात उभी होती.

"पिला नाय," ती म्हणाली.

"आये, ते कुणाकडंच पीत नाहीत."

"कुनाकडं पीत नाय, ते मी नाय बगितलं गं. माज्याकडं नाय पिला, ते बगितलं." गुळाची ताटली उचलत ती म्हणाली, "बाटलीत घालून नेलं. आमच्या पान्यात काय हाय ते बगाया."

साहेब वेगळे आहेत, हे माझंच सर्टिफिकेट. दुसऱ्या दिवशी ते स्वेटर घालूनच कागद घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "माझी बोटं दुखतात." त्यांनी काळजीनं विचारलं, "कधीपासून?" "कालपासून." "मग अठ्ठेचाळीस तास थांबू या," ते म्हणाले. रेमिंग्टनचं यंत्र चांगलंच जड असतं, नाहीतर मी ते उचललं असतं.

मंगळवारी मी घरीच होते. दुपारी दारात साहेब उभे. कर्जतची वीज रविवारपासून गेलेली होती. मे महिन्यात असावा तसा घामानं चिंब माणूस, अंगात स्वेटर. "मिस जाधव, आई आहेत?" आई चुलीपासून उठून आली, तर साहेबांनी सरळ स्वेटर वर केला, सदऱ्याची बटणं सोडली आणि बनियनमध्ये हात घातला. आईनं "आगं बया!" म्हणून पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. साहेबांना त्याचं काही नाही. रुमालाची गाठ सोडून त्यांनी नळ्या उन्हात धरल्या. "पाहा! सगळ्या जांभळ्या. एकीत बुडबुडा नाही. विहीर पास आहे, आणि तुमचा घडाही पास आहे. घडा पास होणं फार कठीण असतं." त्यांनी चिठ्ठीवर सही केली, ती आईपुढे धरली, आणि मग उंबऱ्याशी उभ्याउभ्याच म्हणाले, "आता पाणी द्या."

तीन तांबे प्यायले. घटाघटा, सदऱ्यावर सांडत. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

ते गेल्यावर आईनं तांब्या पालथा घातला. "पिला. पन तपासून पिला," ती म्हणाली. "मी त्याला तपासून पानी दिलं व्हतं का?"

चिठ्ठी मात्र तिनं वाशाच्या फटीत जपून खोवली.

मी टायपिंग पुन्हा सुरू केलं, कारण मालकांना बोटांची शंका यायला लागली होती. पण साहेबांशी कामापुरतं बोलत असे. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माणूस अबोला धरतो तो समोरच्याला कळावा म्हणून. फणशांपुढे अबोला म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

चैत्रात गावात कावीळ आली. गावात म्हणजे ओढ्याच्या अलीकडे. एका घरात दोन, दुसऱ्या घरात तीन, अशी माणसं पिवळी पडू लागली. वस्तीत एकही नाही. यावरून शहाण्या माणसानं काय ताडावं? आमच्या गावानं असं ताडलं की रोग वस्तीतून येतो. दाजी पाटील हे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनी चावडीवर ठरवूनच टाकलं की वस्तीची विहीर घाण आहे, ती दगडमाती टाकून बुजवायची. आम्ही काय प्यायचं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारायला आम्ही चावडीवर नव्हतोच.

मला हे आईनं सांगितलं ते मी एसटीतून उतरताच, रस्त्यावर. ती फाट्यापर्यंत चालत आली होती. हातात वाशातली चिठ्ठी. "तुज्या सायबाला बोलीव," ती म्हणाली. "तुज्या बापानं फोडलेला कातळ हाय त्यो."

साहेब आले. चावडीवर माणसं जमली. दाजी पाटलांनी गावविहिरीच्या पाण्याचा पेला सगळ्यांसमोर धरला. "बगा, आरशावानी पानी हाय. तळाला पैसा टाकला तर छाप दिसल."

"डोळ्यांना काय कळतंय?" साहेब म्हणाले. हे त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य. त्यांनी पेला घेतला. पाटलांना वाटलं, आता पितो. तो बाटलीत गेला.

दोन दिवसांनी साहेब पिवळ्याधमक नळ्या घेऊन परत आले. गावविहीर नापास. पाटील म्हणाले, "वस्तीचं पानी झिरपत आलं असंल." साहेबांनी चावडीबाहेर येऊन ओढ्याकडे, वस्तीकडे आणि गावाच्या चढाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "वस्ती खाली आहे, पाटील. पाणी जात पाळत नाही, उतार पाळतं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि रागही आला. हे वाक्य इतकं सोपं म्हणणारा माणूस माझ्या आईच्या दारात कसा वागला होता!

मग साहेबांची नजर चढावर गेली. गावविहिरीच्या वरच्या अंगाला, वीस पावलांवर, दाजी पाटलांनी त्या हिवाळ्यात संडास बांधला होता. गावातला पहिला. आत गुळगुळीत लाद्या, बाहेर निळा दरवाजा. पाहुण्यांना आधी देऊळ आणि मग संडास दाखवत. साहेब म्हणाले, "मला आत जाऊ द्याल?" पाटील म्हणाले, "बेलाशक! येवढी जोराची लागली का?" साहेब आत गेले, पुडीतली नारिंगी भुकटी ओतली, चार बादल्या पाणी टाकलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "अठ्ठेचाळीस तास थांबा."

तिसऱ्या दिवशी सकाळी गावविहिरीच्या रहाटाला पहिली बादली वर आली ती पोपटी. दुसरीही पोपटी. पोपटाच्या पिसासारखं लखलखीत हिरवं पाणी. कुणी म्हणालं देवी कोपली, कुणी म्हणालं गणूच्या म्हशीनं हिरवं दूध दिलं. साहेबांनी गर्दीत उभं राहून समजावलं, की पाण्यात पडला की नारिंगीचा पोपटी होणारा हा साधा रंग आहे, त्यानं अपाय होत नाही, परवा तो पाटलांच्या संडासात टाकला होता आणि आज तो इथं आला आहे.

प्रत्येक जण मनात काहीतरी जुळवत होता. सगळ्यांत आधी ते दाजी पाटलांचं जुळलं. "म्हंजी... चार म्हयनं आमी..." एवढं म्हणून ते कठड्यावर बसले आणि धोतराचा सोगा तोंडात कोंबला.

संडासाला त्याच दुपारी कुलूप लागलं. पण विहीर काही लगेच शुद्ध होणार नव्हती, आणि वैशाख पुढे होता. अख्ख्या परिसरात पास झालेली विहीर एकच. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या सकाळी ओढा ओलांडून दाजी पाटलांची बायको हंडा घेऊन आली, तिच्यामागे आणखी पाच-सहा जणी. आल्या आणि कठड्यापासून चार हात लांब उभ्या राहिल्या. आई पाणी काढत होती. मला वाटलं, आता ही चाळीस वर्षांचं बोलेल. आईनं दोर सोडला आणि म्हणाली, "उब्या का गं? रहाट आपोआप फिरंल काय?"

आमची विहीर त्या माणसानं वाचवली. नुसती वाचवली नाही, सगळ्या गावाला तिच्या कठड्याशी आणून उभं केलं. हे उपकार मी आज म्हातारपणी मोजत नाही, कारण मोजता येत नाहीत. आईसुद्धा म्हणाली, "मानूस कामाचा हाय." पण त्या पहिल्या दिवसाचं विचारलं की तिचं तोंड मिटे. विहीर एकीकडे आणि उंबरा एकीकडे, असा तिचा हिशेब होता.

श्रावणात साहेब एक वेगळाच गठ्ठा घेऊन क्लासात आले. त्यांच्या संस्थेत प्रमुखाची जागा निघाली होती. त्यासाठी आजवरच्या संशोधनाची यादी टाइप करायची होती. मी आनंदानं बसले. पहिल्या अडीच पानांत जंतू आणि त्यांच्या दारांवरच्या खुणा, लेखामागून लेख, सगळ्या नावांखाली रेघा. मग एकदम कोरं. शेवटची चार वर्षं जेमतेम एक ओळ.

"साहेब, ही चार वर्षं कुठं?"

"ती पाण्यात गेली," ते म्हणाले. हा त्यांनी आयुष्यात केलेला एकमेव विनोद, आणि तोही नकळत.

"पण विहिरींच्या वह्या? तो हिरवा रंग? एवढं काम कुणी केलंय? ते लिहा ना."

साहेबांनी चष्मा पुसला. "ते छापायचं तर विहिरीपुढे गावाचं नाव द्यावं लागेल, मिस जाधव. नाव नसलेली नोंद शास्त्रात धरत नाहीत. आणि गावापुढे घाणीचा आकडा छापला की तो पुसत नाही. विहीर वर्षात सुधारते. त्या गावात मुली कोण देणार? तिथल्या मुली कोण करणार? माणसांना लागतं ते. वहीत आहे तेवढं पुरे, ज्याची विहीर त्याला सांगून झालं आहे."

प्रमुखाची जागा हातची जाईल, हे त्यांना माहीत होतं. आणि ती गेलीही. यादीतल्या कोऱ्या वर्षांचंच त्यांना विचारलं गेलं. पण त्या क्षणी मला त्यांचा मोठेपणा दिसला नाही. दाजी पाटलांच्या गावाची एवढी जपणूक, आणि आमचं काय? मी यंत्रावरून हात काढले.

"माणसांना काय लागतं ते तुम्ही बोलूच नका, साहेब."

मग जे साठलं होतं ते सगळं बोलून गेले. घासलेला तांब्या, गूळ, कठड्याखालचा घडा, वरून ओतलेलं पाणी, आणि बाटली. आवाज चढला असणार, कारण क्लासातली सगळी यंत्रं थांबली. साहेब ऐकत होते. मी बाटलीपर्यंत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं, ते पाहून माझा राग गळून पडला. या माणसाला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी पाण्यात काय काय असतं ते जन्मभर शोधलं होतं. पाणी न पिण्यात काय असतं, हे त्यांना कधी शोधावं लागलं नव्हतं.

"अशा किती वस्त्या झाल्या असतील माझ्या?" ते हळूच म्हणाले. मला विचारलं नव्हतं. कागद तिथंच टाकून ते गेले.

परतीच्या एसटीत मला ती मंगळवारची दुपार आठवली. रविवारपासून वीज नव्हती. म्हणजे आमच्या विहिरीचं पाणी त्यांनी दोन दिवस, दोन रात्री छातीशी धरलं होतं. कुशीवरसुद्धा वळले नसतील. जे पाणी तोंडाला लावलं नाही म्हणून मी त्यांना एवढं बोलले, तेच पाणी. मी खिडकीकडे तोंड करून रडले. हे मी घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

पुढच्या रविवारी पाऊस लागून राहिलेला. ओढा भरून वाहत होता. दुपारी दारात साहेब उभे, छत्री उलटलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. काहीतरी चुकल्यासारखं दिसत होतं, आणि मग कळलं: खांद्यावर पिशवी नव्हती. मी त्यांना पिशवीशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

"आई, पाणी द्याल?" ते म्हणाले.

आईनं तांब्या भरून आणला. साहेबांनी दोन्ही हातांनी घेतला. वाकून पाहिलं नाही. कुठल्या विहिरीचं, ते विचारलं नाही. पावसाळ्यात सगळ्या विहिरी नापास, हे त्यांनीच आम्हांला घोकून घोकून शिकवलं होतं. त्यांच्याइतकं ते कुणाला ठाऊक होतं? त्यांनी तांब्या सरळ तोंडाकडे नेला.

आईनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा सायेब. पावसाचं पानी शिरलंय इहिरीत. आजारी पडाल."

"असू दे," साहेब म्हणाले. "मला प्यायचं आहे."

"पिशाल. उकळून देते." तिनं तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला. "त्या पोरीनं तुमाला काय काय सांगितलं, मला म्हाईत हाय. माजं मिटलं. बसा आता."

साहेब उभेच. ते कुणाच्याच घरी बसत नसत; बर्फ वितळायचा असे, नळ्या वाट बघत असत. आज काहीच वितळणार नव्हतं. आईनं पाट सरकवला, तेव्हा ते चुलीपाशी अवघडून बसले. लाकडं ओली होती, धूर फार झाला. त्यांचं डोळे पुसणं चालू होतं, ते धुरानंच असेल. पाण्याला उकळी आली. आईनं पातेलं उतरवून झाकण ठेवलं, आणि विचारलं, "घरी कोन कोन आसतं?"

"कुणी नाही," ते म्हणाले. मग आपणच बोलू लागले. आई कधी गेली, गोदूताई तापट असल्या तरी मनानं कशा चांगल्या, सणाच्या दिवशी नळ्या धुवायला कसा निवांत वेळ मिळतो. आई मध्येमध्ये "हं" म्हणत होती. या माणसाला इतकं बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

साडेपाचची एसटी गेली. पाणी कधीचंच निवलं होतं. पाणी प्यायलं की पाहुणा उठतो; आईनं ते आणून दिलं नाही, आणि त्यांनी मागितलं नाही.